काळ्या दगडावरची रेघ

"इथे एक रेघ होती," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कॉपीवर बोट दाखवलं. बोट कागदाला लागू दिलं नाही, अर्धा इंच वर धरलं.

फोटो सिन्नरच्या गोंदेश्वराचा होता. श्रावणातला. पावसाने देऊळ भिजलेलं, वर ढग, आवारात माणूस नाही. मी त्याची चोवीस बाय छत्तीस इंचांची कृष्णधवल कॉपी काढली होती. पैसे घेऊन केलेलं हे माझं पहिलं मोठं काम. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सावलीतल्या बाजूची सगळी नक्षी मला दिसत होती. एकावर एक चढत गेलेली लहान शिखरं, खालचे थर, दोन थरांमधल्या खाचा, सगळं. कागदावर मात्र त्या बाजूला नुसती काजळी उतरली होती. डॉक्टर निवृत्त झाल्यावर फोटोग्राफी शिकले होते आणि त्या देवळाला पंधरा-वीस वेळा जाऊन आले होते. ते रागावले नाहीत. पैसे दिले, कॉपी गुंडाळून घेतली आणि गेले. मीही पैसे ठेवून घेतले. ते घ्यायला नको होते, हे त्याच रात्री कळलं.

आपल्याकडे पक्क्या गोष्टीला काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. काळ्या दगडावरची रेघ कागदावर आणायला किती वर्षं लागतात, हे मला पुढच्या काळात समजलं. २००७ पासून मी हेच काम करतो आहे. लोकांचे डिजिटल फोटो घेतो आणि त्यांच्या मोठ्या कृष्णधवल कॉप्या काढून देतो. या कामाने जे शिकवलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी मूळचा छापखान्यातला. १९८८ साली नाशिकमधल्या एका ऑफसेट प्रेसच्या प्रोसेस विभागात लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. प्रोसेस कॅमेरा म्हणजे अख्खी खोली व्यापणारं यंत्र. लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, औषधांची खोकी, दिवाळी अंक, सगळ्यांतले फोटो त्याच्यासमोरून जायचे. ऑफसेटला राखाडी रंग छापता येत नाही. शाई एक तर लागते, नाही तर लागत नाही. म्हणून फोटो ठिपक्यांत फोडावा लागतो. उजळ भागात बारीक ठिपके. गडद भागात ठिपके इतके मोठे, की ते एकमेकांना चिकटतात आणि मध्ये फक्त पांढरी भोकं उरतात. ही भोकं बुजली की त्या भागातलं सगळं संपलं.

माझे वस्ताद मूळ एक्स्पोजर झाल्यावर काही सेकंद एक पिवळा दिवा लावत. त्याला फ्लॅश म्हणत. समोरच्या फोटोशी त्या उजेडाचा संबंध नसे. तो ठिपके पाडणाऱ्या स्क्रीनमधून थेट फिल्मवर पडे आणि सावलीच्या भागात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटत. छापताना तिथे शाई पूर्ण भरत नसे. त्या काही सेकंदांवर वस्तादांचा सगळा जीव असे. वाक्य एकच: "काळं भरू द्यायचं नाही." मी ते अठरा वर्षं ऐकलं, पाळलं, आणि स्वतःचं मशीन घेतल्यावर पहिल्याच मोठ्या कामात विसरलो.

या शहराला आणि परिसराला छपाई नवी नाही. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाचे जनक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. पण 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, त्याआधी फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता, ब्लॉक करण्याचा कारखाना काढला होता आणि छपाईची नवी तंत्रं शिकायला ते जर्मनीला जाऊन आले होते. फोटो ठिपक्यांत कसा फोडायचा, हे त्यांना हाताने येत होतं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथून जाताना मला चित्रपट आठवण्याआधी ब्लॉकचा कारखाना आठवतो. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून.

आमच्या प्रेसमध्ये आधी कॉम्प्युटरवरून थेट फिल्म निघू लागली, मग थेट प्लेट. कॅमेऱ्याची खोली रिकामी झाली, तिथे कागदाचे रीम रचले गेले. २००६ साली मला बाइंडिंगच्या खात्यात जा म्हणाले. मी राजीनामा दिला. फंडाचे पैसे आले, त्यात थोडं कर्ज घातलं आणि चोवीस इंची इंकजेट मशीन घेतलं. त्यात आठ शाया होत्या आणि त्यांपैकी तीन काळ्या: एक पूर्ण काळी, एक फिकट, एक त्याहून फिकट. या तीन काळ्यांसाठीच मी ते घेतलं. त्याआधी ओळखीच्या एकाच्या मशीनवर मी रंगीत शायांतून कृष्णधवल कॉप्या काढून पाहिल्या होत्या. ट्यूबलाइटखाली त्या हिरवट दिसायच्या, उन्हात नेल्या की जांभळट. उजेड बदलला की रंग बदलणारी कॉपी भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. तीन काळ्यांनी तो त्रास जवळपास संपवला. राखाडी छटा आता लाल-निळ्या-पिवळ्यांच्या मिश्रणावर अवलंबून राहिल्या नाहीत.

मला वाटलं, यंत्र बरोबर आहे, आता काम बरोबर होईल. गोंदेश्वराच्या कॉपीने ते खोटं ठरवलं.

डॉक्टर गेल्यावर मी पुन्हा छापखान्यातल्या पद्धतीवर गेलो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी तयार केली, दर चौकोनाला पाच टक्के शाई जास्त. ती माझ्या कागदावर छापली, एक दिवस वाळू दिली आणि खिडकीजवळ नेऊन पाहिली. शेवटचे चार चौकोन सारखे दिसत होते. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव आणि शंभर, चारही एकच काळं. म्हणजे फोटोतली जी काही नक्षी पंच्याऐंशी टक्क्यांच्या पलीकडे होती, ती कागदावर येण्याची शक्यताच नव्हती. पडद्याला हे माहीत नसतं. पडदा स्वतः उजेड देतो, कागद दुसऱ्याचा उजेड परत पाठवतो. भंगारातून घेतलेल्या डेन्सिटोमीटरने मी काळेपणा मोजला. मॅट कागदावरचं माझं सगळ्यांत गडद काळं १.६ च्या आसपास भरत होतं. चकाकी असलेल्या बराइटा कागदावर तेच २.२ च्या वर जातं. साध्या, लेप न दिलेल्या कागदावर शाई आत शोषली जाते आणि काळं राखाडीच राहतं.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. पडद्याचा उजेड बराच खाली आणला, कारण झगझगीत पडद्यावर पाहून केलेली कॉपी हमखास काळी येते. टेबलासमोरची हिरवी भिंत राखाडी रंगवली. आणि प्रत्येक कागदासाठी वेगळी पट्टी छापून शाईचं प्रमाण असं बसवलं, की एकवीसच्या एकवीस पायऱ्या मोजता याव्यात. ही पट्टी आजही दर नव्या रोलबरोबर छापतो. पुढे फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सच्या झोन पद्धतीबद्दल वाचलं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या मनात धरायच्या आणि कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते फोटो काढण्याआधी ठरवायचं. वाचताना पिवळा दिवा लावणारे माझे वस्ताद आठवले. दोघांचा धडा एकच होता.

कागदाचं वेड मला फार लागलं आणि त्यात पैसेही गेले. जर्मनीच्या हानेम्यूलेचा सुती कागद पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, आता दुसरा नको. ती गिरणी १५८४ पासून कागद करते. मग वाटलं, आपल्याकडेही कागदाची परंपरा आहे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद होत आला आहे, त्यावर आपलीच देवळं छापून बघू. छापली. शाई धाग्यांतून पसरली, कडा विरल्या, काळं करडं झालं. हातकागद वाईट नव्हता. तो बोरूच्या लिखाणासाठी आहे, इंकजेटच्या थेंबासाठी त्यावर वेगळा लेप लागतो. पण गोदाघाटाच्या धुक्यातल्या एका फोटोला तो कागद इतका शोभला, की ती कॉपी मी अजून जपून ठेवली आहे. त्या फोटोत काळं नव्हतंच. कुठल्या फोटोला कुठला कागद, हे शिकायला मला असे वाया गेलेले कागदच कामी आले.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये मॅट कागदाची काळी शाई आणि चकाकीच्या कागदाची काळी शाई एका वेळी चालत नसत. बदलायची म्हणजे नळ्यांतली सगळी शाई काढून टाकावी लागे. शाई सोन्याच्या भावाची. म्हणून मी मॅटच धरलं आणि सात वर्षं एकाच काळ्यावर काढली. त्या वेळी ही अडचण वाटे. आता वाटतं, त्या सक्तीने मला घडवलं. एकच काळं, त्याच्या सगळ्या खोडी पाठ.

ती वर्षं लोडशेडिंगची होती. दोन फुटांची कॉपी निघायला चांगला वेळ लागतो. मधेच वीज गेली तर कागद गेलाच. शिवाय शाईचं हेड जागेवर न जाता उघडं राहिलं तर त्याची छिद्रं सुकतात. दुसऱ्या महिन्यात मोठा यूपीएस घेतला. नाशिकचा उन्हाळाही या यंत्राला सोसत नाही. मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते, की रोज सकाळी छिद्रांची तपासणी केल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. एक छिद्र बंद असलं तरी आकाशात केसाएवढी पांढरी रेघ येते. मी खोलीत पाण्याचा कूलर लावला, तो स्वतःसाठी नव्हता. पावसाळ्यात उलट. कागद ओल धरतो, कडेने लाटा येतात आणि हेड त्या लाटांना घासून काळा फराटा ओढतं. जून ते सप्टेंबर मी रोल डब्यात बंद ठेवतो आणि छापण्याच्या आदल्या दिवशीच बाहेर काढतो. हवा बघून काम ठरवायची ही सवय शेतकऱ्याची. ती माझ्या अंगी लागली.

रंगीत फोटो कृष्णधवल करणं म्हणजे नुसता रंग काढून टाकणं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. २०१५ च्या सिंहस्थाने ते घालवलं. पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती. एका तरुण फोटोग्राफरने रामकुंडाचा वरून काढलेला फोटो आणला: साधू, भाविक, पोलीस, गढूळ पाणी, माणसांची खच्चून गर्दी. रंगात भगवा सगळीकडून उठून दिसत होता. रंग काढला आणि भगवा गेला. वस्त्रांचा आणि उघड्या पाठींचा राखाडी रंग सारखाच झाला, सगळी गर्दी एका चिखलात बुडाली.

डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. भगव्याकडून लाल थरात भरपूर उजेड येतो, निळ्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणून नुसता लाल थर घेतला तर भगवी वस्त्रं पांढऱ्या धोतरांत मिसळून गेली. नुसता निळा घेतला तर तीच वस्त्रं काळी आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग वर आला. मी दोन दिवस त्या प्रमाणांशी झटलो. शेवटी बहुतेक हिरवा थर आणि थोडा लाल, अशा मिश्रणावर आलो. भगवं मधल्या राखाडीवर बसलं, अंगं त्याच्याहून एक पायरी गडद, पांढरी वस्त्रं वर. तेव्हा कळलं, की कृष्णधवल कॉपीत भगव्याला स्वतःचा राखाडी नसतो. तो कोणीतरी ठरवावा लागतो, आणि त्या ठरवण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

त्याच फोटोने मला मोठं करणं म्हणजे काय, तेही शिकवलं. तोवर माझ्याकडे चव्वेचाळीस इंची मशीन आलं होतं. तरुणाला चाळीस बाय साठ इंच हवा होता. त्याने मूळ फोटो कापून लांबी-रुंदीने निम्मा केला होता, मधला एक वृद्ध साधू ठळक दिसावा म्हणून. मूळ फाइल सहा हजार बाय चार हजार पिक्सेलची. कापल्यावर उरले तीन हजार बाय दोन हजार. साठ इंचांवर तीन हजार पसरले की इंचाला पन्नास येतात. मी सॉफ्टवेअरने फाइल फुगवली आणि मऊपणा लपवायला धार चढवली. पडद्यावर छान. कागदावर प्रत्येक डोक्याभोवती पांढरी कड. हजारो माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. पाच फूट कागद वाया गेला, तो माझ्या खर्चाने.

मग मी त्याला विचारलं, कॉपी लागणार कुठे? म्हणाला, एका ऑफिसच्या बोळात, चार फूट रुंदीच्या. इथे एक हिशेब सांगतो, कोणालाही उपयोगी पडेल. चांगला डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखतो. त्यावरून गणित असं बसतं, की बघणारा जितक्या इंचांवर उभा असेल त्या आकड्याने ३,४०० ला भागायचं. येईल तितके पिक्सेल दर इंचाला असले, की डोळ्याला कमी पडत नाही. दहा इंचांवरून बघायचं तर ३४०. पाच फुटांवरून ५७ पुरतात. इंचाला पन्नास असलेली कॉपी नीट दिसायला पावणेसहा फूट मागे सरावं लागलं असतं. चार फुटांच्या बोळात मागे भिंत.

मी म्हणालो, मूळ अख्खा फोटो घे. सहा हजार पिक्सेल साठ इंचांवर, इंचाला शंभर, तीन फुटांवरून चोख. तो नाराज झाला, साधू लहान होईल म्हणाला. लहान झालाच. पण कॉपी लागल्यावर महिन्याने तो सांगत आला, की लोक बोळात थांबतात आणि त्यात माणसं शोधतात. कोणी पाण्यात पाय सोडून बसलेली म्हातारी शोधली, कोणी टोपी सांभाळणारा पोलीस. साधूही लोकांना आपला आपण सापडतो. फोनच्या पडद्यासाठी फोटो कापावा लागतो, कारण तिथे जागा नसते. मोठ्या कागदावर जागाच जागा असते. तिथे बघणाऱ्याला चालू द्यावं. हे मला त्या तरुणाइतकंच नव्याने कळलं, आणि तेव्हापासून कोणी कापलेला फोटो आणला की मी आधी मूळ मागतो.

आता जे सांगतो आहे ते सगळ्यांत जड आहे.

नाशिकला दशक्रियेसाठी लांबून लोक येतात. रामकुंडावर विधी होतात. घरी भिंतीवर लावायला मोठा फोटो लागतो, आणि गेलेल्या माणसाचा फोटो कृष्णधवल हवा, असं अजून पुष्कळांना वाटतं. पूर्वी रेशनकार्डावरचा, ओळखपत्रावरचा फोटो घेऊन लोक यायचे. आता फोनवर आलेला फोटो घेऊन येतात. लग्नात गर्दीत उभा असलेला माणूस, त्यातून चेहरा कापलेला, दहा जणांकडून फिरत आलेला. "मोठा करून द्या, एकदम क्लिअर पाहिजे," एवढंच सांगणं असतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात अशी कामं इतकी आली, की आठवलं तरी हात थांबतो. दिंडोरी तालुक्यातून एक बाई मुलाबरोबर आल्या. पती पंधरा दिवसांत गेले होते. फोनमधल्या फोटोत त्यांचा चेहरा जेमतेम दोनशे पिक्सेलचा होता. मी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, जे अस्पष्ट चेहरा स्वतःच स्पष्ट करून देतं. त्यात घातला. डोळे चमकले, पापण्या दिसू लागल्या, कातडी गुळगुळीत झाली. सोळा बाय वीस इंची कॉपी काढली. मला ती आवडली होती, हे कबूल केलं पाहिजे.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे ते नाहीत."

मुलगा म्हणाला, "आई, बाबाच आहेत. बघ ना, किती क्लिअर झालाय फोटो."

"ह्यांच्या कपाळाला तीन आठ्या होत्या. उन्हातान्हात राबून पडलेल्या. त्या कुठं गेल्या?"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि रात्री मूळ फाइल उघडली. सॉफ्टवेअरने भर घातली होती ती कुठल्या तरी हजारो अनोळखी चेहऱ्यांची. डोळे या माणसाचे नव्हते. आठ्या त्याने डाग समजून पुसल्या होत्या. मी ते सगळं टाकून दिलं. चेहरा फुगवला नाही. आठ बाय दहा इंच एवढाच ठेवला, फिल्मच्या फोटोला असतात तसे बारीक रवाळ दाणे त्यावर घातले, म्हणजे पिक्सेलचे चौकोन डोळ्यांना टोचत नाहीत, आणि भोवती रुंद पांढरी कड सोडून कागद सोळा बाय वीसचाच वापरला. कपाळाचा भाग हाताने, हळूहळू गडद-उजळ करत आणला. आठ्या दोनच आल्या. मूळ फाइलमध्ये दोनच होत्या. तिसरी मला ओढता आली असती. ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी फोटोवर हात ठेवला. "तिसरी मला ठाऊक आहे," म्हणाल्या. कॉपी कापडात गुंडाळून घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी ते सॉफ्टवेअर चालवत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. जे फोटोत आहे ते पूर्ण दिसावं म्हणून मी लागतील तेवढे दिवस देईन. जे नाही ते माझ्या मनाने घालणार नाही. छापणाऱ्याचं काम तिथे थांबतं. गोंदेश्वराच्या कॉपीत मी असलेली रेघ घालवली होती, इथे नसलेले डोळे बसवले होते. दोन्ही चुकांचं मूळ एक: समोरच्या वस्तूकडे न बघता पडद्यावर जे छान दिसतं त्यावर मी विश्वास ठेवला.

डॉक्टरांच्या फोटोचं राहिलं. ती फाइल माझ्याकडे होती. २००९ च्या पावसाळ्यात एका रविवारी मी स्वतः सिन्नरला गेलो. नाशिकपासून तीसेक किलोमीटर. मधलं मोठं देऊळ महादेवाचं, चार कोपऱ्यांवर विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळं. पाऊस नुकताच थांबला होता. मी दगडाला हात लावून पाहिला. ओला बेसाल्ट लांबून काळा ठार दिसतो, जवळ गेलं की त्यात किती रंग असतात: पाणी निथळलेल्या जागी राखाडी, खाचेत ओल धरलेली तिथे काळा, कडेवर आकाश पडलेलं तिथे जवळजवळ रुपेरी. थरांच्या कडेला एक बारीक कोरीव पट्टी सलग जाते. डॉक्टर म्हणाले ती रेघ तीच असावी. फोटोत ती कुठे शोधायची हे मला तिथे उभं राहून कळलं.

घरी येऊन पुन्हा कॉपी केली. सावलीची बाजू एका झटक्यात उजळली नाही. तसं केलं की दगड राखेचा वाटतो. सगळ्यांत खोल खाचा पूर्ण काळ्या ठेवल्या, कारण एक तरी खरं काळं असल्याशिवाय बाकीच्यांना आधार मिळत नाही. बाकीचा दगड त्याच्या वर तीन-चार पायऱ्यांत पसरला. सहा वेळा पट्ट्या काढल्या, प्रत्येक पट्टी एक दिवस वाळू देऊन सकाळच्या उजेडात पाहिली. सातवी पूर्ण कॉपी. ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुनी भिंतीवर लावलीच होती, न बोलता. नवी त्यांनी खिडकीत नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि तेच बोट, तसंच अर्धा इंच वर धरून, पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मी पैसे घेतले नाहीत. जुनी कॉपी मागून आणली. ती माझ्या टेबलासमोरच्या राखाडी भिंतीवर आहे.

आता माझ्याकडे शिकायला दोन मुलं येतात. मशीन ती माझ्याहून लवकर शिकली. त्यांना मी पहिल्या दिवशी ती काजळी झालेली कॉपी दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी सिन्नरला पाठवतो. ज्याचा फोटो छापायचा त्याला हात लावून या, म्हणतो. सगळ्याच फोटोंच्या बाबतीत ते जमत नाही. पण एकदा तरी केलं, की पडद्यावरचं काळं आणि खरं काळं यांतला फरक डोळ्यांत राहतो.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. घरातल्या माणसांचे फोटो ज्या फोनने किंवा कॅमेऱ्याने काढले, त्यातल्या मूळ फाइली जपून ठेवा. गटावर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. पडद्यावर तो फरक दिसत नाही. भिंतीवर दिसतो, आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आईवडिलांचा, आजीआजोबांचा एक चांगला फोटो त्यांच्या हयातीत मोठा काढून घ्या. कॉपी हातात आली की ती दिवसाच्या उजेडात त्यांनाच दाखवा. कपाळावरच्या आठ्या सगळ्या आल्या आहेत का, ते त्यांच्यासमोर मोजून घ्या.